जी, एच, बी यांच्या मधोमध

लॅपटॉपच्या कीबोर्डवर जी, एच आणि बी या तीन कळा जिथे एकमेकींना भिडतात, तिथे काही यंत्रांवर एक लाल ठिपका दिसतो. करंगळीच्या नखाहून लहान, रबरी, वरून खरखरीत. ऑफिसातून नवा थिंकपॅड हाती पडलेला माणूस तो एकदा बोटाने चाचपतो, गोल फिरवून पाहतो, कर्सर भलत्याच कोपऱ्यात पळाला की हात मागे घेतो आणि यंत्र बदलेपर्यंत पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. त्यात त्या माणसाचा दोष नाही. हे साधन पहिल्या पाच मिनिटांत कुणालाच वश होत नाही. ज्यांना झाले, ते मात्र पुढे माउसकडे हात न्यायला कुरकुरतात. आयबीएमने त्याला ट्रॅकपॉइंट हे नाव दिले. पडद्यावरच्या एखाद्या जागेकडे बोट दाखवण्यासाठी आजवर जी साधने निघाली, त्यांत इतक्या बारीक कुसरीचे दुसरे मला तरी ठाऊक नाही. ती कुसर बहुतेक सगळी झाकलेली आहे. रबरी टोपीखाली, आणि त्याहूनही खोल, एका आलेखात.

पहिली खुबी बोटालाच कळते. हा ठिपका हलत नाही. टोपी किंचित दबल्यासारखी वाटते, पण तो रबराचा मऊपणा. टोपीखालचा दांडा बुडाशी पक्का बसवलेला असतो आणि बुडाला ताणमापक चिकटवलेले असतात. एखाद्या पट्टीला ताण बसला की विजेला होणारा तिचा रोध बदलतो, एवढ्याच तत्त्वावर हे मापक चालतात. १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी ते एकमेकांशी संबंध नसताना शोधून काढले. वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात साखर तोलली जाते ती याच जातीच्या मापकावर. बोटाने रेटा दिला की दांडा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, मापकांचा रोध सूक्ष्म बदलतो, आणि उजवीकडे किती जोर, वर किती जोर, हे आकडे निघतात. दांडा गोल फिरवू पाहणारा माणूस इथेच चुकतो. तो तरफ शोधत असतो आणि इथे तरफच नाही. माउस हाताने कापलेले अंतर मोजतो. ट्रॅकपॉइंट बोटाचा जोर मोजतो आणि त्याचा वेग करतो. हलणारा एकही भाग नसलेले साधन हलवण्याच्या कामी लावायचे, ही कल्पनाच मला मोठी देखणी वाटते.

ती कल्पना आली मात्र हरलेल्या बाजूकडून. १९७८ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतले स्टुअर्ट कार्ड, विल्यम इंग्लिश आणि बेटी बर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरचा मजकूर निवडायला कोणते साधन चांगले? माउस, जोरावर चालणारी न हलणारी जॉयस्टिक, आणि कर्सर सरकवणाऱ्या कळांचे दोन प्रकार, अशी ती स्पर्धा होती. माउस जिंकला, आणि नुसता जिंकला नाही. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे, लक्ष्य किती लांब आणि किती लहान यावरून माणसाचा हात तिथे पोचायला किती वेळ घेईल हे सांगता येते. माउसची गती त्या मर्यादेच्या अगदी जवळ निघाली. म्हणजे साधनाने हाताला जवळपास अडवलेच नव्हते. यातले इंग्लिश म्हणजे डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून लाकडी खोक्यातला पहिला माउस घडवणारे गृहस्थ, तेव्हा निकालाने त्यांना अवघडल्यासारखे झाले नसावे.

एवढ्या स्वच्छ पराभवानंतर जॉयस्टिककडे कोण वळेल? टेड सेल्कर वळले. १९८४ च्या सुमारास त्यांच्या वाचनात आले की टाइप करणारा हात कीबोर्डवरून माउसवर जायला सुमारे पाऊण सेकंद घेतो आणि परत यायला तेवढाच. सेल्कर यांनी ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली आहे. माउस धरल्यावर कर्सर किती वेगाने पोचतो, हा प्रश्न सगळे सोडवत होते. माउस धरेपर्यंत काय होते, याकडे सेल्कर यांची नजर गेली. समजा कुणी दिवसातून पाचशे वेळा ही ये-जा केली, तर साडेबारा मिनिटे गेली. मला विचाराल तर मिनिटांचे दुःख नाही. हात टेबलावरून फिरून पुन्हा कळा चाचपेपर्यंत मनातल्या वाक्याचे क्रियापद कुठे गेले ते सापडत नाही, हे दुःख. आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्स इथल्या वॉटसन संशोधन केंद्रात सेल्कर यांनी जोसेफ रटलेज यांच्यासोबत हरलेली जॉयस्टिक पुन्हा हाती घेतली. दांडा तोच, तत्त्व तेच. त्यांनी बदलले ते जोर आणि वेग यांच्यामधले सूत्र.

आता त्या सूत्राकडे सावकाश पाहू, कारण अस्सल चीज तिथे आहे. १९९० मध्ये दोघांनी ते निबंधात मांडले. कागदावर आडव्या रेघेवर बोटाचा जोर घ्या, उभ्या रेघेवर कर्सरचा वेग. सरळ मनाचा इंजिनियर इथे एक तिरकी रेघ ओढेल: जोर दुप्पट, वेग दुप्पट. ते चालत नाही. दोन अक्षरांच्या फटीत कर्सर बसवायचा तर वेग फार कमी हवा, आणि पडद्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचे तर फार जास्त. एकाच तिरक्या रेघेने दोन्ही साधायला गेले की पहिले काम थरथरते आणि दुसरे रेंगाळते.

म्हणून आलेखाची सुरुवात एका निष्क्रिय पट्ट्याने होते. बोट नुसते टेकलेले आहे, त्याचे वजन पडते आहे, नाडीचा ठोका लागतो आहे; यातले काहीही हुकूम म्हणून धरायचे नाही. पट्टा संपला की रेघ वर चढते आणि लगेच सपाट होते. हा पहिला पठारी टप्पा. इथे जोर थोडा कमीजास्त झाला तरी वेग जवळजवळ तोच राहतो, आणि तो अगदी मंद असतो. एका अक्षरावरून शेजारच्या अक्षरावर जाताना बोटाचा दाब स्थिर ठेवणे कुणालाच जमत नाही. हा टप्पा ते जमवण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतो. वेलांटीच्या शेजारी कर्सर नेऊन ठेवताना तो थुईथुई न करता मुंगीच्या चालीने सरकतो, ते या सपाटीमुळे. आपल्याला मात्र वाटते की आज आपला हात छान बसला आहे. वापरणाऱ्याला स्वतःच्याच कौशल्याचा भास व्हावा आणि कारागीर आड राहावा, अशी ही जागा आहे.

पुढे रेघ गुळगुळीत वळणाने चढू लागते. वळण गुळगुळीत असणे महत्त्वाचे, कारण कोन आला की बोटाला ठेच लागल्यासारखे होते. आणि मग, चढ ऐन भरात आला असताना, रेघ दुसऱ्यांदा सपाट होते. पहिल्या सपाटीचे कारण बोट होते, हिचे कारण डोळा आहे. सरकत्या वस्तूमागे आपली नजर एका विशिष्ट वेगापर्यंतच अखंड जाऊ शकते. त्यापलीकडे तिची साखळी तुटते, ती उड्या मारत मागे लागते, आणि तेवढ्यात वस्तू हरवते. दिसेनासा झालेला कर्सर कितीही वेगवान असला तरी निकामीच. म्हणून सेल्कर आणि रटलेज यांनी वेगाला नजरेच्या मर्यादेच्या जरा आत थोपवून धरले. बोटाखालच्या साधनाचे गणित मांडताना त्यांनी वापरणाऱ्याच्या डोळ्याचा हिशेब केला. इनपुटचे साधन घडवणाऱ्याने पडद्यासमोर बसलेल्या आख्ख्या माणसाचा विचार केल्याचे इतके नेमके उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

दुसऱ्या पठाराच्या टोकाला कडा आहे. बोटाने मुद्दाम जोराचा रेटा दिला तर वेग एकदम उसळतो. ही सोय पाठलागासाठी नाहीच. कर्सर पलीकडच्या कोपऱ्यात फेकून द्यायचा आणि तिथे गेल्यावर उचलायचा, यासाठी. नजर आधीच तिकडे पोचलेली असते. सतारीवरची मींड आठवा. डावे बोट पडदा सोडत नाही, तार मात्र आडवी ओढली जाते आणि त्याच एका जागेवरून सूर चार-पाच स्वरांचा प्रवास करून येतो. किती ओढले यापेक्षा ओढ कुठे सैलावली, कुठे धरली यात सगळी नजाकत. ट्रॅकपॉइंटवर सरावलेल्या माणसाचे बोट पाहिले तर काहीच होताना दिसत नाही. पडद्यावर पाहिले तर कर्सर सुटतो, वळसा घेतो, मंदावतो आणि जागेवर उतरतो.

उतरतो म्हटले खरे, पण ते उतरणे सुरुवातीला तितके नेटके नव्हते. बोट जोर काढून घेते तेव्हा तो एका क्षणात शून्य होत नाही, ओसरत जातो. जोर ओसरेपर्यंत कर्सर चालत राहतो आणि लक्ष्य ओलांडतो. सुरू होतानाही तेच. जोर चढेपर्यंत कर्सर आळसावल्यासारखा. जणू त्याला वजन आहे. रॉबर्ट बॅरेट, सेल्कर, रटलेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये यावर जो उपाय मांडला त्याचे नाव ऋण जडत्व. जोर किती आहे एवढेच न पाहता तो किती झपाट्याने बदलतो आहे हेही पाहायचे, आणि त्या बदलाचा अंश वेगात मिसळायचा. जोर चढू लागला की कर्सरला थोडा आगाऊ धक्का मिळतो. जोर उतरू लागला की सूत्र बोटाच्या पुढे जाऊन ब्रेक लावते. चाचण्यांत कामगिरी ७.८ टक्क्यांनी सुधारली. आकडा लहान आहे आणि तो तसाच लहान ठेवून वाचावा. ज्याला रोज हे हाताळायचे आहे त्याला टक्के दिसत नाहीत. बोट उचलले आणि कर्सर जागच्या जागी थांबला, एवढेच जाणवते. हेतू ओळखून एक पाऊल आधी थांबणारे यंत्र, आणि तेही असे की थांबल्याचे श्रेय आपण स्वतःला द्यावे!

याच नाजूकपणाची एक खोडही आहे आणि तिचा उल्लेख टाळणे अप्रामाणिक होईल. बराच वेळ एकाच दिशेला हलका दाब दिला किंवा यंत्र तापले, की ताणमापकांचा शून्यबिंदू ढळतो. बोट उचलल्यावरही कर्सर आपणहून एका बाजूला घसरू लागतो. नवखा माणूस घाबरतो, कुणी म्हणतो व्हायरस आला. करायचे काही नसते. हात काढून घ्यावा; सेकंद-दोन सेकंदांत यंत्र नवा शून्य ठरवते आणि घसरण थांबते. घसरत्या कर्सरला उलट रेटा देऊन आवरू पाहणारे लोक त्याचा गोंधळ आणखी वाढवतात, कारण मग तो रेटाच शून्य समजला जातो. मला ही खोड आवडते, असे म्हटले तर अतिरेक होईल. पण जोर मोजणाऱ्याला स्वस्थता म्हणजे काय हे अधूनमधून पुन्हा शिकावे लागते, हे त्याच्या तत्त्वातूनच आलेले आहे, आणि त्यावरचा इलाज इतका शांत आहे की चीड टिकत नाही.

आता वर, टोपीकडे. दांडा हलत नसल्याने बोटाची त्वचा आणि टोपी यांच्यातली पकड हाच सगळा व्यवहार. पकड सुटली की जोर सुटला. म्हणून टोप्यांचे तीन घाट झाले. पहिला खरखरीत, वर बारीक रबरी केसर असलेला. त्याला भक्तमंडळी मांजराची जीभ म्हणतात आणि हात लावल्यावर ते नाव पटते. दुसरा मऊ, बुटका, घुमटासारखा, टोकावर बारीक कण. तिसरा खोलगट, कडेला उभी किनार असलेला, ज्यात बोटाचे टोक बसते. खोलगट टोपीवर जोर कमी लागतो, पण दिशा बदलताना किनार आड येते. खरखरीत टोपी महिनोन् महिने वापरून झिजते, काळवंडते, शेवटी तुळतुळीत होते. जूनमधल्या मुंबईच्या घामट हवेत घुमटावरून बोट निसटते, तिथे मांजराची जीभच कामाची. टोपी ओढून काढता येते आणि नवी बसवता येते, ही साधी सोय अख्ख्या साधनाचे आयुष्य वाढवते.

टोपी बसवायला जागा कुठून आणली, तेही पाहण्यासारखे आहे. कीबोर्डवर एक मिलिमीटरही रिकामा नव्हता. मग जी, एच आणि बी यांच्या कळांचे भिडणारे कोपरे हलक्या गोलाईने कापले. तिन्ही कळांनी थोडे थोडे अंग चोरले आणि मध्ये एक गोल जागा निघाली. कापलेपण इतके बेताचे की टाइप करताना बोटाला त्या कळा अपुऱ्या वाटत नाहीत. जागेची निवडही हुशारीची. टाइप करणाऱ्याच्या दोन्ही तर्जन्या एफ आणि जे वर विसावलेल्या असतात आणि हा ठिपका दोघींपासून सारखाच जवळ. डावखुऱ्याला वेगळे यंत्र नको, टेबलही नको. १९९३ च्या डिसेंबरमध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला निघालेल्या एन्डेव्हर यानातून थिंकपॅड अंतराळात गेला. माउस जिथे टेबलावर टिकणारच नाही अशा जागी, ज्याला पृष्ठभाग लागत नाही असे साधन.

आणि मराठी लिहिणाऱ्यासाठी एक जास्तीची गंमत, जी सेल्कर यांच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली, अशी वाटणी आहे. त्या मांडणीत जी वर उकार येतो, एच वर प आणि बी वर व. म्हणजे आपल्या लिपीत हा ठिपका बरोबर स्वर-व्यंजनांच्या शिवेवर उभा आहे. इन्स्क्रिप्टमध्ये हात सतत डावी-उजवीकडे झुलत असतात, व्यंजन इकडे, मात्रा तिकडे. त्या झोक्याच्या मध्यबिंदूवर कर्सरचे साधन असल्याने चुकलेल्या काना-मात्रेपाशी जाऊन परत येताना झोका मोडत नाही.

अंगठ्यांचे कामही लक्षात घ्या. क्लिकची बटणे स्पेसबारच्या लगेच खाली आहेत. टाइप करताना अंगठे स्पेसबारवर असतातच. ते फक्त थोडे खाली वाकतात. तर्जनी दिशा देते, अंगठा होकार देतो. मजकूर निवडताना डावा अंगठा बटण धरून ठेवतो आणि तर्जनी पहिल्या पठाराच्या मंद वेगाने एकेक अक्षर ओढत नेते. माउसने हेच करताना एकाच हाताला दाबायचेही असते आणि सरकायचेही असते, त्यात शेवटचे अक्षर हमखास सुटते. पुढे मधले तिसरे बटण आले. ते दाबून ठिपक्याला रेटा दिला की कर्सर जागेवर राहतो आणि पान सरकते, जोराप्रमाणे हळू किंवा भरभर. लांबलचक कागदपत्र वाचताना एका स्थिर, मंद दाबाने ओळी वर जाऊ देणे हे सुख ज्याने घेतले त्याला चाकाचे माउस खडखडीत वाटतात.

रंगाची कथा वेगळीच आहे. ऑक्टोबर १९९२ मध्ये आलेल्या थिंकपॅड ७००सी च्या रूपामागे रिचर्ड सॅपर हे जर्मन अभिकल्पक होते. मिलानमध्ये राहणारे. प्रतिभारांवर तोललेला काळा टिझियो दिवा त्यांचाच, १९७२ चा. लॅपटॉपही त्यांनी काळा, चौकोनी, निरलंकार ठेवला, जपानी जेवणाच्या डब्यासारखा बंद. उघडल्यावरच आतले कळावे. त्या काळ्यावर एकच रंगीत बिंदू: लाल. अडचण अशी की आयबीएमच्या नियमांत लाल रंग मोठ्या यंत्रांची वीज आणीबाणीत तोडणाऱ्या बटणासाठी राखीव होता. सुरक्षा विभागाची हरकत आली. आयबीएमचे तेव्हाचे अभिकल्पप्रमुख टॉम हार्डी यांनी सांगितलेला किस्सा असा, की मग कागदोपत्री रंगाचे नाव मजेंटा ठेवले आणि छटा हळूहळू लालाकडे सरकवत नेली. मजेंटावर कुणाचा नियम नव्हता. किस्सा मजेदार आहे, पण रंगाची खरी करामत दुसरी. काळ्या कीबोर्डवर नजर खाली टाकली की बोट कुठे ठेवायचे हे न शोधता कळते, आणि नजर पुन्हा वर गेली की तो बिंदू डोळ्यांत खुपत नाही. एवढासा रंग, आणि तो फक्त एकाच जागी, म्हणून. पुढच्या काळात अनेकांनी आपापल्या लॅपटॉपवर असे ठिपके बसवले, निळे, हिरवे, करडे. बहुतेकांत रंग सजावट होऊन बसला.

आणि हा ठिपका ज्या पडद्यासाठी राबतो त्या पडद्याकडेही पाहायला हवे. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपचे पडदे निष्क्रिय जाळीचे होते. आडव्या-उभ्या तारांच्या छेदावर स्फटिकद्रव उजळायचा आणि विझायला वेळ घ्यायचा. कर्सर जरा वेगाने नेला की नाहीसा व्हायचा. पाणबुडीसारखा इथे बुडायचा आणि तिथे वर यायचा. विंडोज ३.१ मध्ये कर्सरमागे शेपूट उमटवण्याची सोय होती ती याच व्याधीवरचा लेप म्हणून. ७००सी चा १०.४ इंची रंगीत पडदा सक्रिय जाळीचा होता. ६४० बाय ४८० बिंदू, प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपबिंदू, आणि प्रत्येक उपबिंदूला स्वतःचा ट्रान्झिस्टर. गुणाकार करा: ९,२१,६००. एवढ्या ट्रान्झिस्टरांपैकी मोजके निकामी झाले तरी पडद्यावर खिळलेले ठिपके दिसणार, म्हणून असे पडदे बनवणे महाग आणि जिकिरीचे. पण त्यावर कर्सर बुडत नव्हता. नजरेच्या वेगाची मर्यादा ओळखून आखलेले ते दुसरे पठार अशाच पडद्यावर सार्थ होते. पडदाच कर्सर गिळत असता तर डोळ्याचा तो सगळा हिशेब वाया गेला असता. त्या एका यंत्रात बोटाकडची आणि डोळ्याकडची कारागिरी एकत्र आली, हा योग म्हणा, पण फार रुचणारा योग. 

मर्यादा आहेत. नुसते लक्ष्य गाठायची शर्यत लावली, टाइपिंग मध्ये आणलेच नाही, तर माउस पुढे जातो. सेल्कर यांचा दावा कधीही त्याच्या उलट नव्हता. चित्र काढायला ठिपका निरुपयोगी. तासन् तास एकाच तर्जनीवर भार टाकला तर सांधा दुखतो, आणि त्यावर उपाय म्हणजे संवेदनशीलता वाढवून जोर कमी करणे, जे बहुतेक लोक करत नाहीत. १९९४ मध्ये ॲपलने पॉवरबुक ५०० मालिकेत टचपॅड आणला. पहिल्या मिनिटालाच वश होणारे साधन ते. पुढच्या दहा वर्षांत त्याने मैदान मारले. दोन बोटांनी पान सरकवणे त्यावर जास्त सोपे आहे हे कबूल. २०१३ च्या सुमारास, तोवर थिंकपॅड बनवू लागलेल्या लेनोवोने टी४४० मालिकेत ठिपका ठेवला आणि त्याची वेगळी बटणे काढून टचपॅडच्या वरच्या कडेत विरघळवली. अंगठ्याला कड लागेना, होकार कुठे द्यायचा ते कळेना. जुन्या वापरणाऱ्यांनी एवढी ओरड केली की टी४५० मध्ये बटणे परत आली. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या थिंकपॅड एक्स९ वर मात्र लाल ठिपकाच नाही.

तेव्हा ज्याला चाखून पाहायचे आहे त्याने मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावच्या दुकानात एखादा जुना टी मालिकेतला थिंकपॅड उघडून मागावा. टोपी झिजलेली असेल तर तिच्याकडे लक्ष देऊ नये, ती बदलता येते. आधी हात न लावता थोडा वेळ कर्सरकडे पाहावे. तो आपणहून सरकला आणि क्षणात थांबला तर ठीक, सरकतच राहिला तर दांड्याचे बूड गेले. मग काहीतरी मजकूर उघडून अगदी हलक्या दाबाने एका शब्दातले फक्त एक अक्षर निवडून पाहावे. कर्सर थरथरला तर संवेदनशीलता एक-दोन घरे बदलून पुन्हा तेच करावे. शेवटी जोरात रेटा देऊन कर्सर पडद्याच्या मध्यापर्यंत आणावा आणि बोट झटकन उचलावे. थांबला तर पैसे द्यावेत. रेंगाळला तर त्या यंत्राचे पाचशे रुपये कमी करून मागायला हरकत नाही.